जवस-सोयाबीनच्या तेलाचं प्लॅस्टिक मोडून पुन्हा घडवता येते म्हणतात. आपल्या गावात जमण्यासारखं आहे का?

घाणीवाला (हिंगणघाट तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमची लाकडी घाणी आहे. शेंगदाणा, करडई, तीळ वर्षभर चालते, जवस उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. सोबत गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचं खरेदीचं काम पाहतो, म्हणून सोयाबीनचा ओलावा मोजण्यापासून भावावरच्या बोलाचालीपर्यंत सगळं माझ्यासमोर होते. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला, पण परतीच्या पावसात भिजलेला माल घेऊन कास्तकार उभा राहिला की तो आकडा कागदावरच राहते. म्हणून तेलबियांचं दुसरं काही करता येते का, हे कायम डोक्यात असते.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडं भंगारवाला येते तेव्हा ठिबकच्या नळ्या, फुटके पाइप, बादल्या, खुर्च्या सगळं नेते. पण कोठ्यावरचा फायबरचा पत्रा, मोटारीच्या स्टार्टरचं काळं खोकं, कुकरची मूठ, टाकीचं फायबरचं झाकण, यांना हात लावत नाही. म्हणते, हे वितळत नाही, घेऊन काय करू. मग हे सगळं धुऱ्यावर पडून राहते, नाहीतर पऱ्हाटीसोबत जळते आणि त्याचा धूर लेकरांच्या छातीत जाते.

पुतण्या नागपूरला शिकते. त्यानं सांगितलं की वनस्पती तेलापासून असं प्लॅस्टिक निघालं आहे की जे या फायबरसारखं पक्कं जोडलेलं असूनही तापवून, दाबून पुन्हा घडवता येते. हे खरं आहे का? असल्यास आपल्या तेलातून होईल काय? घाणीवर काढलेलं तेल चालते का? आणि भट्टी, दाबयंत्र असं काही घेऊन गावात काम सुरू करता येईल, की ही फक्त मोठ्या कारखान्याची गोष्ट आहे? कोणी हात घालून काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहावं.

---

पांढरं_सोनं (कळंब, यवतमाळ)

भाऊ, तेलापासून बनलेलं म्हणजे मातीत कुजणारच ना? तसं असेल तर मल्चिंगचाच कागद करा. आमच्या वावरात मागच्या मल्चिंगचे तुकडे अजून वखराच्या पासेला अडकतात. हंगाम संपला की नांगरून टाकायचा, विषय संपला.

---

जवसफूल (तुमसर)

घाणीवाले भाऊ, प्रश्न फार नेमका विचारलात, म्हणून जरा लांब लिहिते. मी नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेल तंत्रज्ञान शिकले. पुढं बरीच वर्षं रंगाला लागणाऱ्या अल्कीड रेझिनच्या कारखान्यात होते, म्हणजे जवसाचं आणि सोयाबीनचं तेल मोठ्या किटलीत २३०-२५० अंशांवर शिजवणं हाच माझा रोजचा उद्योग. आता गावीच छोटी प्रयोगशाळा आहे आणि याच विषयावर काम करते.

आधी कळंबच्या दादांचं. दादा, तेलापासून बनलेलं आणि मातीत कुजणारं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एरंडेलापासून नायलॉन-११ बनतं. ते पूर्ण वनस्पतीजन्य आहे, पण वावरात पुरलं तर वर्षानुवर्षं तसंच राहील. कशापासून केलं यापेक्षा रेणू एकमेकांना कसे जोडलेत, यावर कुजणं ठरतं. शिवाय ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकायचं तर आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. घाणीवाले भाऊ ज्याबद्दल विचारत आहेत ते मातीत घालायचं नाहीच. ते परत गोळा करून परत घडवायचं आहे. मल्चिंग पार पातळ, मातीनं माखलेलं, वावरभर पसरलेलं. ते गोळा करण्यातच सगळा जीव जाईल. त्याला हे उत्तर नाही.

आता फायबरचा पत्रा का वितळत नाही ते पाहू. ठिबकच्या नळीत लांब लांब साखळ्या शेजारी शेजारी असतात, एकमेकींना बांधलेल्या नसतात. तापवलं की सरकतात, म्हणून वितळतं. फायबरच्या पत्र्यातलं पॉलिएस्टर किंवा स्टार्टरचं बेकेलाइट (ते काळं कडक प्लॅस्टिक) यांत साखळ्या आडव्या गाठींनी कायमच्या बांधलेल्या असतात, अख्खा पत्रा म्हणजे एकच मोठा रेणू म्हणा. तापवला तर मऊही होत नाही, शेवटी करपतो. मजबुती त्या गाठींनीच येते आणि भंगारवाला नाही म्हणतो तेही त्या गाठींमुळंच.

२०११ साली पॅरिसच्या ईएसपीसीआय संस्थेत लुडविक लाइब्लर यांच्या गटानं यातून वाट काढली. त्यांनी इपॉक्सी (चिकटवायला, रंगाला वापरतात ते रेझिन) आणि मेदाम्लांपासून, म्हणजे तेलातल्या आम्लांपासून, केलेली आम्लं यांची जाळी केली आणि त्यात जस्ताचा क्षार घातला. त्या जाळीतल्या गाठी एस्टरच्या, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जुळून पडणाऱ्या. तापमान चढलं की एस्टरची गाठ शेजारच्या मोकळ्या हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) गटाशी अदलाबदल करते. रिंगणात फेर धरणाऱ्यांनी जुना हात सोडण्याआधी नवा हात पकडावा, तसं. एकूण धरलेले हात कधी कमी होत नाहीत, म्हणून पदार्थ वितळून पाणी होत नाही. पण माणसं जागा बदलत राहतात, म्हणून दाब दिला की नवा आकार घेतो. थंड केलं की अदलाबदल जवळपास थांबते आणि आकार टिकतो. अशा पदार्थांना व्हिट्रिमर म्हणतात.

आपल्या कामाचं घडलं ते दोन वर्षांनी, अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथं. तिथल्या आल्तुना, पेत्तारीन आणि विल्यम्स या संशोधकांनी २०१३ मध्ये इपॉक्सी केलेलं सोयाबीन तेल घेतलं आणि त्याला पाण्यात विरघळवलेल्या सायट्रिक आम्लानं बांधलं. सायट्रिक आम्ल म्हणजे आपलं लिंबू सत्त्व. जस्त नाही, दुसरा उत्प्रेरक नाही. तयार झालेला पदार्थ १६० अंशांवर आपली चीर स्वतः सांधतो हे त्यांनी दाखवलं. सोयाबीन आणि लिंबू सत्त्व! मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, कारण यातली एकही वस्तू आपल्याला परकी नाही.

मात्र ‘इपॉक्सी केलेलं’ हा शब्द सोडून पुढं जाऊ नका. कच्चं तेल लिंबू सत्त्वाशी बांधलं जात नाही. तेलाच्या रेणूत दुहेरी बंध असतात, त्यांच्या जागी ऑक्सिजनची ताणलेली कडी बसवावी लागतात. आम्ल आलं की कडं उघडतं, एस्टरची गाठ पडते आणि शेजारी एक हायड्रॉक्सिल मोकळा राहतो. पुढं अदलाबदल करायला हाच लागतो. म्हणजे गाठ आणि गाठ बदलण्याची सोय, दोन्ही एकाच झटक्यात मिळतात. हे मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं.

कडी बसवायचं काम हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्लानं होतं आणि ते गावात, शेडमध्ये, ड्रममध्ये अजिबात करू नका. ही क्रिया स्वतः उष्णता सोडते. साठ-सत्तर अंशांवर धरून ठेवायची तर थंड पाण्याचं जॅकेट, ढवळणी आणि पेरॉक्साइड थेंबाथेंबानं सोडण्याची शिस्त लागते. ढवळणी बंद पडली, वीज गेली, तर तापमान हातातून जातं. तीव्र पेरॉक्साइडमध्ये गंज किंवा धूळ पडली तरी ते ऑक्सिजन सोडत फुगतं, डबा फुटतो, कातडी पांढरी पडून जळते. आमच्या भागातल्या लोडशेडिंगवर भरवसा ठेवून हे काम करायचं नाही.

त्याची गरजही नाही. इपॉक्सी सोयाबीन तेल पीव्हीसीवाले प्लॅस्टिक मऊ आणि स्थिर ठेवायला वापरतात, ते कॅनमध्ये तयार मिळतं. शिकायचं असेल तर तिथून सुरुवात करा.

---

साचा_चंद्रपूर

ताईंनी रसायन सांगितलं, मी यंत्राकडचं सांगतो. चंद्रपूरच्या सिपेट या प्लॅस्टिकचं शिक्षण देणाऱ्या केंद्रीय संस्थेत शिकलो, आता दाबून साचे काढायच्या कामावर आहे.

गावात काय जमते? गरम प्लेटचं दाबयंत्र जमते. दोन जाड लोखंडी प्लेटा, आत हीटर, खाली हायड्रॉलिक जॅक, तापमान धरणारा कंट्रोलर, आणि माल चिकटू नये म्हणून टेफ्लॉनचं कापड. हे वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेता येते. पण तुमच्या मनात इंजेक्शन मशीनवर बादली सुटते तसं असेल तर ते काढून टाका. हा पदार्थ वितळून नोझलमधून वाहत नाही. तुकडे करून साच्यात भरायचे, तापवायचं, दाबून धरायचं, तुकडे एकमेकांत सांधू द्यायचे. मिनिटात होत नाही, तास-दोन तास जातात. आणि दाबाखालीच थंड करा. गरम असताना प्लेट उघडली की कडा वर उचलतात.

अजून एक. ताई, हे रबरासारखं लवचीक राहते ना? तेलाच्या साखळ्या लांब आणि मऊ, मी हातात घेतलेला नमुना नखानं दाबला जात होता. आमच्या चंद्रपूरचा मे महिना सगळ्यांना माहीत आहे, पारा ४७ च्या पार जाते. टिनाखाली हे पसरेल काय?

---

पायलीभर (घाटंजी, यवतमाळ)

माझा बचत गट जवसाची चटणी करून विकतो, म्हणून जवसाचं नाव दिसलं की थांबून वाचते. मनापासून एक विचारते. देशाला खायला लागणारं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. आपण सोयाबीनचं, जवसाचं तेल प्लॅस्टिकमध्ये घालायचं, आणि मग पामतेल आणखी मागवायचं? हे मला पटत नाही. चिवडा-भजी तळून उरलेल्या तेलाचं, नाहीतर करंजीच्या, मोहाच्या तेलाचं का करत नाही? ते तर आपल्याकडं रानातच आहे.

---

जवसफूल (तुमसर)

घाटंजीच्या ताई, तुमचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तुमचं.

तेलात दुहेरी बंध किती यावर कडी किती बसतील हे ठरतं आणि कडी किती यावर पदार्थ किती घट्ट होईल हे. मोजमाप म्हणजे आयोडीन मूल्य. जवसाचं साधारण १७० ते २००, सोयाबीनचं १२० ते १४०, मोहाचं साठ-सत्तर. करंज मोह आणि सोयाबीन यांच्या मधे, पण सोयाबीनच्या बराच खाली. मोहाच्या तेलाला एकट्यानं बांधलं तर हाती चिकट, लिबलिबीत काहीतरी येतं, उचलायला गेलं की फाटतं. करंजाचं जवसात काही भाग मिसळून चालतं. तळून उरलेल्या तेलात आम्लता वाढलेली असते आणि दुहेरी बंध कमी झालेले असतात. ते साबणाला किंवा बायोडिझेलला गेलेलं बरं.

म्हणून माझा कौल जवसाला आहे. खाण्याचं जवस काढून घ्या असं मी म्हणत नाही. तुमची चटणी माझ्याही घरात येते. पण आमच्या भंडारा-गोंदियाकडं धान कापायच्या आधी उभ्या बांधीत लाखोरी आणि जवस फेकायची उतेऱ्याची पद्धत होती. जमिनीतल्या ओलीवर पीक यायचं, ना नांगरट ना पाणी. माझ्या वडिलांच्या बांध्यांत माघात निळी फुलं असायची. ते क्षेत्र आटत गेलं, कारण जवसाला हमीभाव नाही आणि घेणाराही धड नाही. हमीभावाच्या यादीत करडई आहे, कारळं आहे, जवस नाही. तेलाला उद्योगाकडून पक्का गिऱ्हाईक मिळाला तर पडीक राहणाऱ्या बांधीत ते परत येईल आणि खाणाऱ्याच्या ताटातून काहीच जाणार नाही. सोयाबीनबद्दल मी असं म्हणणार नाही.

आणि हे नवं खूळही नाही. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन यांनी इंग्लंडमध्ये जवसाचं तेल हवेत घट्ट करून, त्यात बुचाचा भुसा घालून लिनोलियम केलं. ते आजही जमिनीवर घालतात. आपल्याकडं दारं-बैलगाड्यांना लावलेलं उकळलेलं जवसतेल हवेतला ऑक्सिजन घेऊन जाळी बांधतं, तेच तत्त्व. फक्त त्या गाठी कायमच्या, सुटत-बदलत नाहीत. हो, घाणीवाले भाऊ, जवसतेलानं भिजलेल्या चिंध्या कधीही ढीग करून ठेवू नका. वाळताना आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. पाण्याच्या बादलीत टाका किंवा एकेक पसरून वाळवा.

चंद्रपूरच्या भाऊंनी बरोबर पकडलं. पदार्थ मऊ आहे. पण पन्नास-साठ अंशांवर गाठींची अदलाबदल फार सावकाश चालते, म्हणून टिनाखाली तो वाहून जाणार नाही, फक्त अजून लवचीक होईल. कडक हवा असेल तर भर घालावी लागते. मी धानाचं तूस बारीक करून, सरकीवरची आखूड रुई, पऱ्हाटीचं पीठ हे घालून पाहिलं आहे. रुईनं ताण सहन करण्याची ताकद चांगली वाढते. तूस घातलं की कडकपणा येतो पण कोपरे ठिसूळ होतात. भर कोणतीही असो, आधी ती कोरडी ठणठणीत वाळवा, ओल राहिली की आत बुडबुडे.

आता मनाविरुद्धचं सांगते. कोठ्यावरच्या पत्र्याला हे चालणार नाही. एस्टरची गाठ ओलीनं सावकाश तुटते आणि सोड्याच्या, अमोनियाच्या अल्कधर्मी वातावरणात लवकर तुटते. कोठ्यात मूत, शेण, अमोनिया सगळं आहे. धुण्याच्या टाकीला, युरिया भिजवायच्या भांड्यालाही नाही. आणि कितीही वेळा घडवता येईल असंही समजू नका. दर वेळी १६०-१७० अंशांवर हवेत तेल थोडं जळतं, रंग तपकिरी होत जातो, वास येतो, पदार्थ ठिसूळ होतो. थोडा नवा माल मिसळत राहावा लागतो.

---

घाणीवाला (हिंगणघाट तालुका)

ताई, भाऊ, एवढं खोलात कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. पत्र्याचं समजलं. मग पहिली वस्तू कोणती करू, हे सांगाल काय? आणि माझं घाणीचं जवसतेल कोणाला उपयोगी पडते का? वर्ध्यात मगनवाडीला १९३४ मध्ये गांधीजींचा ग्रामोद्योग संघ सुरू झाला, त्यांचे सहकारी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी तो चालवला, आणि तिथंच घाणी सुधारली गेली. आमची घाणी त्याच वळणाची आहे. नुसता कच्चा माल विकून मोकळं व्हायचं माझ्या मनात नाही. वस्तू इथंच बनावी आणि इथंच परत यावी, असं मनात आहे.

---

जवसफूल (तुमसर)

पहिली वस्तू: पिठाच्या चक्कीच्या, एक्सपेलरच्या (तेल काढायच्या यंत्राच्या), मोटारीच्या पायाखाली घालायचे धक्के झेलणारे पॅड. लवचीकपणा इथं गुण ठरतो, जागा कोरडी असते, वस्तू छोटी आणि जाड, आणि कोणाच्या चक्कीखाली तुमचा पॅड आहे हे तुम्हाला नावानिशी माहीत असेल. झिजला की तोच माणूस परत आणून देईल. परत घडवण्याच्या धंद्यात माल परत येणं हेच सगळ्यात अवघड असतं, आणि ते गावात सोपं आहे.

पद्धत सांगते, आधी थोड्याच मालावर करा. इपॉक्सी सोयाबीन तेलाच्या कॅनवर ऑक्सिरेन ऑक्सिजन, म्हणजे कड्यांतला ऑक्सिजन, ६.८ टक्क्यांच्या आसपास लिहिलेला असेल तर १०० ग्रॅम तेलाला २७ ग्रॅम निर्जल सायट्रिक आम्ल लागतं. पोत्यावर ‘मोनोहायड्रेट’ (म्हणजे आत पाणी धरलेलं आम्ल) असेल तर ३० ग्रॅम घ्या. आम्ल तेलात विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. मग स्टीलच्या भांड्यात नव्वद अंशांच्या आसपास सतत ढवळत पाणी उडवा. ॲल्युमिनियमचं भांडं नको. मिश्रण आधी दुधट दिसतं. आम्ल लागत गेलं की निवळतं, दाटतं आणि काठी उचलली की तार धरतं. ही तार आली की थांबू नका, लगेच वाळलेली रुई किंवा तूस मिसळा आणि टेफ्लॉन घातलेल्या साच्यात पातळ थर ओता. उशीर केलात तर भांड्यातच बसेल. पुढं ओव्हनमध्ये १२० अंशांवर, वास आणि चिकटपणा जाईपर्यंत. जाड पॅड एकदम ओतू नका, आतलं पाणी अडकून फुगा धरतो. पातळ चकत्या करा आणि दाबयंत्रात १६०-१७० अंशांवर एकावर एक सांधा. त्यातच तुम्हाला कळेल की माल खरंच पुन्हा घडतो की नाही. सांधा दिसेनासा झाला आणि ओढून त्याच जागी फाटला नाही, तर जमलं. वेळ फारच लागत असेल तर चिमूटभर झिंक ॲसिटेट (जस्ताचा क्षार) घालून बघा. खोली हवेशीर ठेवा, चष्मा आणि हातमोजे घाला.

घाणीचं तेल: त्यात डिंक असतो, म्हणजे फॉस्फोलिपिड. तो राहिला तर इपॉक्सी करताना तेल-पाणी वेगळं होत नाही. तेल सत्तर अंशांना तापवून त्यात दोन-तीन टक्के गरम पाणी घालून ढवळा, निवांत ठेवा, खालचा गाळ काढा, वरचं वाळवा. भिजून काळ्या पडलेल्या बियांचं तेल यात मिसळू नका, त्याची आम्लता कडी खाऊन टाकते. सोयाबीन मात्र घाणीवर काढायला जाऊ नका. त्यात तेलच १८-२० टक्के, अर्धंअधिक ढेपेत राहील. जवसात ३५-४० टक्के असतं, ते घाणीला परवडतं.

मग लिटरभर तेल गडद बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, आयोडीन मूल्य आणि आम्लमूल्य तपासायला नागपूरला द्या. आमच्या संस्थेच्या तेल विभागात किंवा कोणत्याही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होईल. आकडे चांगले आले तर इपॉक्सी करणाऱ्या कारखान्याकडून तुमचंच तेल मजुरीवर करून घेण्याचं बोलता येईल. एकट्या घाणीचा माल त्यांना पुरणार नाही, चार-पाच उत्पादक कंपन्यांनी मिळून जवस द्यावं लागेल. आमच्या बाजूच्या दोन गटांशी मी बोलते.

---

साचा_चंद्रपूर

पॅडचे नमुने झाले की माझ्याकडं पाठवा, ताणून आणि दाबून तपासायची सोय सिपेटमध्ये होते, मी लावून देतो. एकदाच घडवलेला आणि तीन-चारदा मोडून घडवलेला, असे दोन्ही द्या. दाबयंत्राच्या प्लेटची मापं हवी असतील तर तुमच्या चक्कीच्या पायाचं माप कळवा, त्याप्रमाणं काढून देतो.

---

पायलीभर (घाटंजी, यवतमाळ)

उतेऱ्याचं पटलं, ताई. आमच्याकडं धान नाही, पण हरभऱ्याच्या कडेनं जवसाच्या ओळी अजून टाकतात काही बाया. किती जणी टाकतात ते विचारून इथंच लिहिते. ढेप मात्र जनावरांना हवी, ती विकायची बोलू नका.